वहिवाटीने राखलेली घरे

परदेशच्या प्रवासाची आखणी करीत बसलेल्या आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत एक मत इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते, की त्याचा प्रतिवाद करू पाहणाराच विक्षिप्त ठरावा. ते मत असे, की हॉटेल म्हणजे रात्री पाठ टेकण्यापुरती जागा. दिवसभर आपण बाहेरच असणार, तेव्हा अंथरूण स्वच्छ, नळाला गरम पाणी आणि सकाळी पोटभर न्याहारी एवढे मिळाले, की खोली कोणत्या इमारतीत आहे याची चौकशी करणे हा निव्वळ श्रीमंतांचा षोक होय. ॲमस्टरडॅमला जाणाऱ्यास हा उपदेश विशेष आग्रहाने केला जातो. तेथे कालव्यांच्या काठी तीन-चारशे वर्षांची घरे आहेत, त्यांतील काहींची लहानशी हॉटेले झालेली आहेत, त्यांच्या खोल्या अरुंद, जिने उभे आणि भाडे मात्र दुप्पट. तेव्हा शहाण्याने गावाबाहेरच्या एखाद्या नव्या, प्रशस्त, लिफ्ट असलेल्या इमारतीत उतरावे, बोटीतून कालव्यांची एक फेरी मारावी, ती घरे पाण्यावरून पाहून घ्यावीत आणि वाचलेल्या पैशांत आणखी एक देश उरकावा.

याच्या अगदी उलट दिशेने येणारे दुसरे एक मत आहे, आणि ते अधिक व्युत्पन्न लोकांचे असल्यामुळे अधिक घातक आहे. हे लोक म्हणतात, की ऐतिहासिक घराचे हॉटेल झाले त्याच दिवशी ते घर मेले. आत जे उरले तो धनिक प्रवाशांसाठी मांडलेला देखावा. ज्या भिंतींआड एका नगराचा संसार चालला त्या भिंतींआड आता परक्यांच्या बॅगा उतरतात, आणि तेथे राहणारा प्रत्येक पाहुणा त्या नगराच्या ऱ्हासात भागीदार होतो. पहिला पक्ष पैशाच्या नावाने बोलतो, दुसरा संस्कृतीच्या नावाने. पण दोघांचेही मूळ गृहीत एकच आहे. वास्तू ही एक निश्चल वस्तू आहे, एकाच्या लेखी नुसते छप्पर आणि दुसऱ्याच्या लेखी नुसते प्रदर्शन, असे दोघेही समजतात. मी दोन्ही मते त्याज्य मानतो.

पहिल्या पक्षाला मी एवढेच विचारतो, की ॲमस्टरडॅममध्ये पाहायचे ते काय? चित्रसंग्रहालये आहेत, आणि ती पाहिलीच पाहिजेत. परंतु २०१० साली युनेस्कोने जागतिक वारशात ज्याची नोंद केली ती कोणती एक इमारत नव्हे, एखादा किल्ला नव्हे, मंदिर नव्हे. ती आहे सतराव्या शतकातील कालव्यांची संपूर्ण नगररचना, आणि त्या रचनेचा घटक आहे घर. १६१३ साली नगराच्या कारभाऱ्यांनी हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त या तीन मोठ्या कालव्यांच्या कामास हात घातला, दलदलीची जमीन भरून काढली, तिची मोजणी करविली आणि साधारणतः तीस फूट रुंदीचे, पण रुंदीच्या कितीतरी पट खोल असे भूखंड विकावयास काढले. त्या भूखंडांवर व्यापाऱ्यांनी घरे बांधली. भुसभुशीत माती आणि चिकण यांच्या थरांतून सुमारे बारा मीटर खाली असलेल्या वाळूच्या थरापर्यंत लाकडी खांब ठोकावे लागले; दाम चौकातला राजवाडा, जो मुळात नगरभवन म्हणून बांधला गेला, तो अशा १३,६५९ खांबांवर उभा आहे. घराच्या कपाळावर, छपराच्या त्रिकोणात, एक तुळई रस्त्याच्या बाजूस बाहेर काढून तिला आकडा लावला, आणि त्या आकड्याला दोर बांधून माल थेट माळ्यावर चढविण्याची व्यवस्था केली. चढता माल भिंतीला घासू नये म्हणून दर्शनी भिंतच किंचित पुढे झुकती बांधली. पुढे दिवाणखाना, मध्ये उजेडासाठी सोडलेला चौक, मागे घराचा दुसरा भाग, आणि त्याच्याही मागे बाग, जिच्यावर बांधकाम करण्यास सतराव्या शतकातल्या नगराच्या हुकुमानेच मनाई होती.

यातले बोटीतून काय दिसते? दर्शनी भिंत दिसते, आकडा दिसतो, खिडक्यांच्या काचांत उलटे पडलेले आभाळ दिसते. चौक दिसत नाही, बाग दिसत नाही, माळ्याच्या तुळया दिसत नाहीत. ज्या नगरात प्रेक्षणीय वस्तू घर हीच आहे, तेथे घराच्या आत एकदाही पाऊल न टाकता परत येणारा मनुष्य ते नगर पाहून आला असे कसे म्हणावे? आणि परक्या प्रवाशास त्या घरांत रात्री वसतीला राहण्याचा, पहाटे उठून मागच्या बागेवरचा उजेड पाहण्याचा, संध्याकाळी समोरच्या पाण्यावर दिवे लागताना खिडकीत बसण्याचा अधिकार कोण देतो? कोणी ओळखीचा डच गृहस्थ नसेल, तर हे हॉटेलच देते.

आता अरुंद खोली आणि उभा जिना यांविषयी. ही गैरसोय आहे, हे मी नाकारीत नाही. पण ज्याला या गैरसोयीचे कारण ठाऊक आहे, तो तिच्याविषयी तक्रार कशी करील? भूखंड अरुंद होता, जमीन महाग होती, जिन्यासाठी जागा सोडणे परवडत नव्हते, आणि जड माल बाहेरून आकड्याने चढत असल्यामुळे रुंद जिन्याची गरजही नव्हती. तो जिना चढताना सतराव्या शतकातला जमिनीचा भाव पायांना कळतो. माळ्यावरची खोली ठेंगणी आहे, कारण ती माणसांसाठी नव्हतीच; तेथे माल साठवीत. प्रिन्सेनग्राख्त आणि कायझर्सग्राख्त यांच्या दरम्यान असलेले ‘पुलित्झर’ हे हॉटेल आज पंचवीस जुन्या घरांचे मिळून बनलेले आहे. प्रत्येक घर निराळ्या मालकाने, निराळ्या काळी, निराळ्या उंचीचे मजले घालून बांधले. ती एकमेकांस जोडली तेव्हा एका घराची जमीन दुसऱ्याच्या जमिनीशी जुळेना, आणि म्हणून वाटेत कोठे दोन पायऱ्या चढतात, कोठे तीन उतरतात. नव्या इमारतीत चारशे एक क्रमांकाची खोली आणि सातशे एक क्रमांकाची खोली यांत कपाटाच्या मुठीइतकाही फरक नसतो, आणि ती खोली ॲमस्टरडॅमची आहे, दुबईची आहे की पुण्याच्या हिंजवडीची, हे पडदे ओढून घेतल्यावर ओळखता येत नाही. प्रवास म्हणजे स्थळ बदलणे होय, असे मानणाऱ्याने रात्रीचे आठ तास आपल्या प्रवासातून वजा का करावेत?

राहिला पैशाचा प्रश्न. दुप्पट भाडे कशाचे, असे विचारणाऱ्याने त्या घराच्या जमाखर्चाची वही डोळ्यांपुढे आणावी. पायाखालचे लाकडी खांब पाण्याखाली बुडालेले असतील तोवर शतकानुशतके टिकतात. भूजलाची पातळी खाली गेली, खांबांच्या माथ्यांस हवा लागली, की ते कुजू लागतात आणि अवघे घर खचू लागते. मग जमिनीखाली जाऊन नवा पाया घालणे हे असे काम आहे, की त्यात एखाद्या मध्यम कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी सहज विरून जावी. त्यावर लाकडी खिडक्या, विटांचे दरजे, कौले, छताची रंगवलेली नक्षी. आणि वास्तू संरक्षित असल्यामुळे यांतले काहीही परवान्याशिवाय बदलता येत नाही, आणि स्वस्त साहित्य वापरून भागविता येत नाही. कालव्यांचे बांध तर नगरपालिकेलाच जड झाले आहेत. २०२० च्या सप्टेंबरात ख्रिम्बुर्गवाल येथे बांधाचा एक भाग सरळ पाण्यात कोसळला, तेव्हा सुमारे दोनशे किलोमीटर लांबीच्या बांधांची तपासणी आणि दुरुस्ती हा त्या नगरापुढचा केवढा खर्च आहे हे जगाला कळले. या घरांच्या दुरुस्तीचा पैसा कोठून यावा? जो प्रवासी संग्रहालयाच्या दारात तिकिटाचे पैसे आनंदाने मोजतो आणि त्यास संस्कृतीची सेवा समजतो, त्याला ज्या छताखाली आपण निजलो त्या छताचे कौल बदलण्यास आपल्या खोलीचे भाडे उपयोगी पडले, याचे वैषम्य का वाटावे?

येथवर पहिला पक्ष. दुसऱ्या पक्षाशी वाद अधिक खोल आहे, कारण त्याची तळमळ खरी आहे. चुकतो तो इतिहासात. हॉटेल आले आणि घर मेले, असे तो म्हणतो. म्हणजे हॉटेल येण्यापूर्वी ते घर जिवंत होते, नांदते होते, असे तो धरून चालतो. वस्तुस्थिती काय होती? दुसऱ्या महायुद्धानंतर ॲमस्टरडॅमचा जुना गाभा मोडकळीस आला होता. हेरेनग्राख्तवरची मोठी घरे बँकांनी, विमा कंपन्यांनी आणि वकिलांनी कधीच कचेऱ्यांसाठी घेतली होती. १९५४ साली त्या नगराचे पोलीसप्रमुख कास्यागर यांनी मोटारींच्या सोयीसाठी कालवे बुजवून रस्ते करण्याची योजना मांडली. १९६७ साली योकिनेन या अमेरिकन तज्ज्ञाने शहराच्या मध्यापर्यंत रुंद महामार्ग आणण्याचा आराखडा सादर केला. प्रिन्सेनग्राख्त २६३ हे घर, ज्याच्या मागच्या भागात ॲन फ्रँक लपून राहिली आणि जे तेव्हाही राहते घर नसून कचेरी आणि गोदाम होते, तेदेखील पन्नाशीच्या दशकात पाडले जाणार होते; लोकांनी हाकाटी केली, १९५७ साली प्रतिष्ठान स्थापन झाले आणि १९६० साली तेथे संग्रहालय उघडले, म्हणून ते वाचले. ते वाचलेच पाहिजे होते. पण प्रत्येक घराला ॲन फ्रँकचे नाव लाभत नाही, आणि हजारो घरांची हजार संग्रहालये होऊ शकत नाहीत. उरलेल्या घरांनी काय करावे?

त्याच प्रिन्सेनग्राख्तवर, त्या घरापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर, सुप्रसिद्ध वृत्तपत्रकार जोसेफ पुलित्झर यांचा नातू पीटर पुलित्झर याने साठीच्या दशकात बारा पडीक घरे घेतली, दुरुस्त केली आणि १९७० साली हॉटेल उघडले. कालवे बुजविण्याच्या आणि महामार्ग आणण्याच्या गोष्टी ज्या वर्षांत गंभीरपणे बोलल्या जात होत्या, त्याच वर्षांत एका मनुष्याने या घरांना भविष्य आहे असे समजून त्यांत भांडवल घातले. हे मारणे झाले काय? आणि वाटेल तर हॉटेलवाल्याची साक्ष बाजूस ठेवा. जुनी घरे विकत घेऊन जतन करण्यासाठीच जी संस्था १९१८ साली स्थापन झाली, ती ‘हेंड्रिक द कायझर’ संस्था आज आपल्या ताब्यातील काही वास्तूंत पाहुण्यांना पैसे घेऊन राहू देते. १९५६ साली निघालेली ‘स्टाट्सहेरस्टेल’ ही तर सरळ भागभांडवलाची कंपनी आहे; ती मोडकळीस आलेली घरे विकत घेते, उभी करते आणि भाड्याने देते. ज्यांनी आयुष्ये या कामात घातली त्या सर्वांचा एकच अनुभव आहे, की ज्या घरात चूल पेटत नाही त्या घराला वाळवी लागते. ते घर राखायचे असेल तर त्यात माणूस पाहिजे, आणि तो माणूस त्याच्या खर्चाचा वाटा उचलणारा पाहिजे.

शिवाय ‘मूळ उपयोग’ म्हणून जे काही पवित्र मानले जाते, ते तरी कोणते? कायझर्सग्राख्त ३८४ या ठिकाणी आज ‘द डिलन’ नावाचे लहानसे, फार देखणे हॉटेल आहे. त्याच्या दगडी दरवाजातून आत जाणारा प्रवासी १६३७ सालच्या दरवाजातून आत जात असतो, कारण तो दरवाजा याकोब फान कांपन याने बांधलेल्या नाट्यगृहाचा आहे. १६३८ च्या जानेवारीत योस्ट फान डेन फोंडेल याच्या नाटकाने ते नाट्यगृह उघडले. १७७२ च्या मे महिन्यात, प्रयोग चालू असतानाच, त्यास आग लागली आणि ते भस्मसात झाले. केवळ दरवाजा उरला. पुढे ती जागा कॅथलिक धर्मादाय संस्थेकडे गेली, तेथे गरिबांच्या पोषणाची व्यवस्था झाली, आणि त्यांच्यासाठी पाव भाजण्याच्या भट्ट्या जेथे होत्या तेथे आता त्या हॉटेलचे भोजनगृह आहे, भट्ट्यांसकट. १९९९ साली त्या वास्तूचे हॉटेल झाले. दुसऱ्या पक्षाने आता निश्चित सांगावे, की या वास्तूस कोणत्या मूळ रूपात परत न्यावयाचे? नाट्यगृह म्हणावे, तर ते जळून अडीचशे वर्षे झाली. अन्नछत्र म्हणावे, तर ते नाट्यगृहाच्या राखेवर उभे होते. दलदल म्हणावी, तर ती सर्वांच्या आधीची. जी वास्तू चार शतकांत इतक्या वेळा नवे जन्म घेऊन टिकली, तिने नेमके हॉटेल होतानाच प्राण सोडला, असे कोणत्या न्यायाने ठरवायचे?

कोणी म्हणेल, की हे सर्व ठीक, पण प्रवाशांच्या लोंढ्याने ते नगर गुदमरते आहे, त्याचे काय? लोंढा आहे, आणि नगरवासी त्रस्त आहेत, हे उघड सत्य आहे. २०२१ साली नागरिकांच्या मागणीवरून तेथे प्रवाशांच्या वार्षिक मुक्कामांस दोन कोटींची मर्यादा घालणारा ठराव झाला. २०२४ साली ठरले, की एखादे हॉटेल बंद झाल्याशिवाय नवे निघू द्यायचे नाही. त्याच वर्षी मुक्कामावरचा नगरकर साडेबारा टक्के झाला. मी या निर्णयांच्या बाजूचा आहे. परंतु लोंढ्याचा दोष जुन्या घरातल्या हॉटेलवर येतो कसा? संरक्षित घराच्या भिंती पाडता येत नाहीत, मजले चढविता येत नाहीत, म्हणून त्याच्या खोल्या मोजक्याच राहतात. त्याची नोंद सरकारदप्तरी असते आणि त्याचा महसूल नगराच्या तिजोरीत जातो. नागरिकांच्या राहत्या जागा खाऊन टाकणारी वस्तू निराळीच आहे: ती म्हणजे चार-चार दिवसांसाठी भाड्याने दिली जाणारी खासगी बिऱ्हाडे, ज्यांच्यावर २०१९ पासून वर्षाकाठी तीस रात्रींची मर्यादा घालावी लागली. स्वस्त म्हणून अशा बिऱ्हाडात उतरणारा मनुष्य कालव्याकाठच्या हॉटेलातील पाहुण्यास नगराचा वैरी म्हणू लागला, तर त्याने आधी आपल्या दाराबाहेरच्या शेजाऱ्याचे तोंड पाहावे.

एक आक्षेप मात्र असा आहे, की जो भारतीय मनुष्याने उच्चारला तर मी आदराने ऐकतो. ही घरे कोणाच्या पैशाने बांधली? १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या मिरी-दालचिनीच्या नफ्याने, मलबार आणि जावा येथील लोकांवर लादलेल्या मक्त्यांनी, आणि पश्चिमेकडे गुलामांच्या विक्रीने. हे निःसंशय खरे आहे. हेरेनग्राख्त ५०२ हे घर आज ॲमस्टरडॅमच्या महापौरांचे अधिकृत निवासस्थान आहे. ते १६७२ च्या सुमारास ज्याच्यासाठी बांधले गेले तो पाउलुस खोडिन हा गुलामांच्या व्यापारात गुंतलेला होता, आणि तसे सांगणारी शिळा आता त्या घरासमोर बसविलेली आहे. २०२१ सालच्या १ जुलैस महापौर फेम्के हालसेमा यांनी या पापातील नगराच्या वाट्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. आता विचार करावा, की ते घर पाडून टाकले असते तर ही शिळा कोठे बसली असती? गुन्ह्याचा पुरावा जपणे हे गुन्ह्याचे कौतुक नव्हे. उलट मला असे वाटते, की आपल्यासारख्यांनीच त्या घरांत अवश्य राहावे. माळ्यावरच्या त्या खोलीत, जेथे आपल्या किनाऱ्याच्या मिऱ्यांची पोती आकड्याने चढविली गेली असतील, आता आपण आपल्या पैशाने, आपल्या नावाची नोंद करवून, पाहुण्याच्या अधिकाराने जातो. ज्यांचा माल त्या घरांत गेला, पण ज्यांना दारातही कोणी उभे केले नसते, त्यांच्या वंशजांनी दूरच्या एखाद्या नव्या इमारतीत उतरून ती घरे लांबूनच पाहावीत, हा कुठला स्वाभिमान?

आणि त्याच कंपनीची एक वास्तू आपल्याही पदरात आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? सतराव्या शतकात डचांनी आदिलशाही मुलखातील वेंगुर्ल्यास वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करावयास आणि विजापूरच्या दरबाराशी व्यवहार ठेवावयास ते ठाणे त्यांना सोयीचे होते. ॲमस्टरडॅमच्या त्या घरांची ती सख्खी बहीण, एकाच काळातली, एकाच कंपनीच्या हिशेबवहीतली. तिची आजची अवस्था सिंधुदुर्गात जाऊन ज्याने पाहिली असेल, त्याने छप्पर गेलेल्या भिंती आणि त्या भिंतींत शिरलेली झाडांची मुळे पाहिली असतील. ती संरक्षित स्मारक आहे. तिच्यात कोणी निजत नाही, कोणी जेवत नाही, कोणाच्या बॅगा तेथे उतरत नाहीत, आणि दुसऱ्या पक्षाच्या शास्त्राप्रमाणे ती अगदी निष्कलंक आहे.

मी म्हणतो, की त्या वखारीवर आधी छप्पर घाला, मग तिच्या दहा-बारा खोल्या करून त्या एखाद्या नेकीच्या माणसास कडक शर्तींवर, ठरावीक मुदतीच्या करारावर चालवावयास द्या, आणि दर वर्षीच्या उत्पन्नातून तिच्या भिंतींच्या दुरुस्तीचा ठरीव हिस्सा सक्तीने काढून ठेवा. ज्या दिवशी वेंगुर्ल्याच्या त्या वखारीत समुद्राच्या बाजूची खोली मिळू लागेल, त्या दिवशी तिचे भाडे दुप्पट असले तरी मी ते घासाघीस न करता देईन. आणि तोवर ॲमस्टरडॅमला जाणारा जो कोणी मला विचारील, की कालव्याकाठच्या जुन्या घरात उतरू की स्टेशनापलीकडच्या नव्या इमारतीत, त्याला मी सांगेन, की जुन्या घरात उतर, रस्त्याच्या बाजूची खोली परवडत नसेल तर बागेच्या बाजूची घे, बागेची परवडत नसेल तर माळ्यावरची घे, आणि तीही परवडत नसेल तर एक देश कमी कर.